नवा टीव्ही घेताना: लेबल पाहावे की माल?

आमच्या ओळखीचे एक फिटर आहेत. भिवंडीच्या यंत्रमागांवर त्यांची उमर गेली. बिघडलेला माग नुसता आवाज ऐकून ओळखतील असा त्यांचा हात. मागच्या दिवाळीच्या बाजारात त्यांनी ५५ इंची टीव्ही हप्त्याने घेतला. हप्ता १८ महिन्यांचा. घरात ४३ इंची टीव्ही चांगला चालत होता. आम्ही विचारले, "भाई, जुन्यात काय बिघडले होते?" ते म्हणाले, "सेठ, बिघडले काही नव्हते. पण दुकानवाला म्हणाला की जुनी पद्धत आता बंद होणार. डॉल्बी व्हिजन नसेल तर पुढे चित्र धड दिसणार नाही."

हे ऐकून आम्हाला वाईट वाटले, कारण त्यांना जे सांगितले गेले ते खरे नव्हते. रोजीवर जगणाऱ्या माणसाचे १८ महिने एका खोट्या भीतीवर गहाण पडले. आमचा धंदा कापडाचा. टीव्हीचे आम्ही उस्ताद नाही. पण लेबल आणि माल यातला फरक ओळखण्यातच आमचे केस पांढरे झाले, आणि पद्धतींच्या लढाईचा मार आमच्या घराने दोनदा खाल्ला आहे. म्हणून वाचक बंधूंसमोर चार गोष्टी ठेवतो.

१९८२ साली, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी, आपल्याकडे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. भारताने 'पाल' ही पद्धत घेतली. तिच्यात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका आणि जपान 'एनटीएससी'वर होते. तिच्यात ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे. फ्रान्सची 'सेकॅम' ही तिसरीच. ज्यांचे नातेवाईक परदेशात होते त्यांना हा फरक लवकर कळला. अमेरिकेहून आलेली लग्नाची कॅसेट इथल्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र वरखाली धावे, नाहीतर रंग उडून जाई. म्हणून आखातातून येणारा शहाणा माणूस 'मल्टी-सिस्टीम' संच आणी. चार पैसे जास्त देई, पण तिन्ही पद्धतींशी त्याचे जमे.

आमच्या घरी १९८५ साली मामूंनी दुबईहून व्हीसीआर आणला. पण तो निघाला बेटामॅक्स पद्धतीचा. ही पद्धत सोनीने १९७५ साली बाजारात आणली होती. पुढच्याच वर्षी जेव्हीसीने व्हीएचएस काढली. बेटाचे चित्र सरस असे जाणकार म्हणत. पण सुरुवातीच्या बेटा कॅसेटवर एकच तास मावे, व्हीएचएसवर दोन तास. शिवाय जेव्हीसीने आपली पद्धत इतर कारखान्यांना मोकळ्या हाताने दिली, त्यामुळे यंत्रे भरपूर आणि स्वस्त झाली. १९८८ साली खुद्द सोनीने व्हीएचएसची यंत्रे काढायला घेतली, तेव्हा निकाल लागला. आमच्या मोहल्ल्यातल्या कॅसेट लायब्ररीत बेटाची फळी त्याआधीच रिकामी झाली होती. अब्बांनी तो व्हीसीआर चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. मामूंची कित्येक महिन्यांची बचत त्यात होती.

यातून आम्ही शहाणे व्हायला हवे होते. पण २०११ साली आम्ही स्वतः थ्रीडी टीव्ही घेतला. चार चष्मे सोबत होते. पुढे दोन चष्मे हवे झाले तर कळले की एका कंपनीचे चष्मे दुसरीच्या टीव्हीला चालतीलच असे नाही. कुणाच्या चष्म्याला बॅटरी, कुणाच्या चष्म्याला नाही. २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी थ्रीडीचा नाद सोडला. चष्मे आजही कपाटात आहेत, पोरे कधीमधी खेळायला घेतात.

मात्र या दोन नुकसानींत एक मोठा फरक आहे, आणि आजच्या लेखाचा मुद्दा तोच आहे. बेटा हरली तेव्हा घरात उरला तो नुसता डबा. थ्रीडी हरले तेव्हा उरला तो साधा पण चांगला टीव्ही. पुढे सात-आठ वर्षे तो चालला. म्हणून नवी वस्तू घेताना "कोणती पद्धत जिंकेल?" हा सवाल विचारूच नये. ते कंपन्यांनाही ठाऊक नसते. तोशिबाची एचडी डीव्हीडी २००६ साली मोठ्या गाजावाजात आली आणि ब्लू-रेपुढे टिकाव न लागल्याने फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने स्वतःच ती मागे घेतली. आपण विचारावे ते एवढेच: ही पद्धत हरली तर आपल्या घरात काय उरेल?

आता हीच फूटपट्टी आजच्या भांडणाला लावू.

आज दुकानात ज्या अक्षरांवरून भाव चढतो ती 'एचडीआर'ची. अर्थ एवढाच की अंधारातले तपशील आणि उजेडाची झळाळी दोन्ही एका चित्रात दिसावीत. एचडीआर१० ही पद्धत २०१५ पासून चालते. ती खुली आहे, तिच्यासाठी कुणाला परवाना-फी द्यावी लागत नाही. डॉल्बी व्हिजन २०१४ साली आले. त्यासाठी डॉल्बी कंपनीला फी जाते. मग २०१७ साली सॅमसंग आणि ॲमेझॉन यांनी मिळून एचडीआर१०+ पुढे केली. तिच्यात प्रत्येक टीव्हीमागे फी नाही.

फरक आमच्या भाषेत सांगतो. एचडीआर१० मध्ये सगळ्या चित्रपटाला उजेडाची एकच सूचना असते. रंगारी मास्टरने पूर्ण लॉटला एकच नुस्खा द्यावा तसे. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ या दोन्हींत प्रसंगाप्रसंगाला वेगळी सूचना जाते. जणू प्रत्येक ताक्याचा पोत पाहून रंगाचे माप बदलावे. काम अधिक बारीक होते, यात शंका नाही.

भांडण आहे ते धंद्याचे. सॅमसंगने वर्षानुवर्षे आपल्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन घातले नाही. एलजी आणि सोनी यांनी डॉल्बी व्हिजन घेतले आणि एचडीआर१०+ टाळले. टीसीएल, हायसेन्स आणि पॅनासॉनिक यांच्या बऱ्याच संचांत दोन्ही मिळतात, जुन्या मल्टी-सिस्टीमसारखे. नेटफ्लिक्स बराच काळ डॉल्बी व्हिजनकडे होते, २०२५ मध्ये त्यांनी एचडीआर१०+ देखील सुरू केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डॉल्बीने डॉल्बी व्हिजन २ जाहीर केले. म्हणजे ज्याने फक्त त्या नावासाठी पैसे मोजले, त्याच्यापुढे आता दुसरे नाव उभे राहिले.

आता सवाल विचारा. यातली एक पद्धत उद्या हरली तर घरात काय उरेल? उत्तर दिलासा देणारे आहे. हे चित्रपट देणाऱ्या सेवा तुमचा टीव्ही काय वाचू शकतो ते पाहून तसे चित्र पाठवतात. डॉल्बी व्हिजन नसेल तिथे साधारणपणे एचडीआर१० चालते, आणि तेही नसेल तिथे साधे चित्र. पडदा काळा होत नाही. बेटा-व्हीएचएसमध्ये कॅसेटचा आकारच वेगळा होता, इथे तसे नाही. म्हणून "जुनी पद्धत बंद होणार" असे सांगून जो माल विकतो, तो एक तर अडाणी आहे नाहीतर बेइमान.

मग काय पाहावे? जे लेबलवर ठळक लिहीत नाहीत ते पाहावे.

पहिली गोष्ट उजेड. तो 'निट' या मापात मोजतात. एचडीआरचे पुष्कळ चित्रपट १००० निट धरून बनवतात, काही त्याहून जास्त. स्वस्तातल्या कित्येक टीव्हींचा पडदा ३०० निटच्या आसपास असतो. त्यावर डॉल्बी व्हिजनची चिठ्ठी लागलेली असली तरी झळाळी येणार कुठून? हलक्या सुतावर भारी कंपनीचा शिक्का मारण्यासारखे ते आहे. चांगल्या, उजळ पडद्यावर आणि अंधाऱ्या खोलीत डॉल्बी व्हिजनचा फरक दिसतो, हे आम्ही मान्य करतो. पण तो पडद्याच्या जिवावर दिसतो.

दुसरी गोष्ट रंगांच्या छटा. आठ बिटच्या पडद्यावर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, दहा बिटच्या पडद्यावर १०२४. आठ बिटमध्ये आकाशाच्या निळ्या रंगात कधी कधी पट्टे पडलेले दिसतात. खराब रंगाईच्या कापडावर दिसतात तसेच.

तिसरी गोष्ट तारेची जागा. 'एचडीएमआय २.१' हा आकडा फार मिरवला जातो. २०२१ च्या अखेरीस उघड झाले की त्यातली नवी वैशिष्ट्ये सगळी ऐच्छिक आहेत. एकही न देता तो आकडा छापला तरी नियम मोडत नाही. आमच्या बाजारात 'कॉटन रिच' लिहितात आणि कॉटन किती ते लिहीत नाहीत, त्याचा हा भाऊच. ज्याच्या घरी गेम खेळणारा मुलगा नाही त्याला या आकड्याचे काम बहुधा पडत नाही. जागा किती आहेत ते मोजा, तीन असाव्यात.

चौथी गोष्ट, आपण बघतो काय? बहुतेक घरांत बातम्या, मालिका आणि क्रिकेट चालते, तेही केबल किंवा डिशवर. त्यात एचडीआर क्वचितच असते. तेव्हा दुकानात पहाडांचे, फुलांचे चमकदार नमुने पाहून भुलू नका. ती फिल्म त्याच पडद्यासाठी बनवलेली असते आणि टीव्ही दुकानाच्या झगमगीत 'व्हिव्हिड' मोडवर ठेवलेला असतो. त्याला 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोडवर आणायला सांगा. साधे बातम्यांचे चॅनेल लावायला सांगा. बाजूला उभे राहून रंग पाहा. ग्रे कापडाचा ताका आपण दिव्याखाली न पाहता दारात, दिवसाच्या उजेडात पाहतो, ती सवय इथेही सोडू नये.

याच 'व्हिव्हिड' मोडने आमच्या धंद्याचा एकदा तोटा केला, तेही सांगून टाकतो. परगावच्या एका व्यापाऱ्याने आमच्या दुकानातल्या टीव्हीवर डिझाइन पाहिले आणि मेहंदी रंगाची ऑर्डर दिली. माल पोहोचल्यावर म्हणाला, "रंग हा नव्हता." आम्ही टीव्हीशेजारी कापड धरून पाहिले तर त्याचे खरे होते. पडद्यावरचा रंग कापडावर कुठेच नव्हता. अर्धा लॉट परत घ्यावा लागला. तेव्हापासून आम्ही टीव्हीचा मोड बदलला आणि एक नियम केला: डिझाइन पडद्यावर दाखवायचे, रंग मात्र शेड कार्डवर आणि कापडाच्या तुकड्यावरच ठरवायचा. जे भाऊ मोबाईलवर फोटो पाठवून माल विकतात त्यांनीही हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक पडद्याचा रंग वेगळा असतो. पावतीवर लागतो तो कापडाचा रंग.

पैशाचे म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बिल घेताना तेवढे तपासा. हप्ता 'बिनव्याजी' म्हणतात, पण प्रोसेसिंग फी किती आणि रोखीने घेतला तर सवलत किती, हे दोन आकडे कागदावर मागा. रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज यांत जो फरक निघेल त्याला नाव काहीही द्या, जातो तो आपल्याच खिशातून. पडद्याची वॉरंटी किती वर्षे आणि दुरुस्तीचा माणूस आपल्या गावात येतो की नाही, हेही विचारा. बीईईच्या तारांकनाच्या लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते लिहिलेले असते. सगळ्या लेबलांत तेच एक आम्हाला कामाचे वाटते.

शेवटचे सांगणे आमच्याच बिरादरीतल्या टीव्ही विकणाऱ्या भावांना. गिऱ्हाइकाला नवे दाखवा, त्याची तारीफही करा, पण जुने बंद होणार अशी खोटी भीती घालून विकू नका. कापडात विरलेला धागा असेल तर आपण तो ताका उलगडून दाखवतो आणि दोन पैसे कमी घेतो. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येते. भीती दाखवून विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक एकदाच येते.

फिटर भाईंचे बारा हप्ते अजून बाकी आहेत. त्यांचा जुना ४३ इंची टीव्ही आता त्यांच्या बहिणीच्या घरी आहे. परवा आम्ही तिथे गेलो होतो, बातम्या चालू होत्या. चित्र स्वच्छ दिसत होते.