पावसाळ्याआधी बॅरल आडवे करा

मे महिना संपत आला की गॅरेजवाल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. साफसफाई करताना रॅकच्या तळाशी दोन-तीन वर्षांपूर्वीचे सीलबंद डबे सापडले आहेत, वापरायचे की टाकायचे? वापरा, फक्त आधी डब्यावरची ग्रेड वाचा. उत्तर एवढेच आहे. पण या प्रश्नामागचा समज मात्र काळजीचा वाटतो. ऑइल तारखेने खराब होते असे आपण धरून बसलो आहोत आणि ज्या गोष्टींनी ते खरोखर वाया जाते त्या रोज डोळ्यांसमोर घडत असतात.

बंद डब्यातल्या ऑइलचे काय होते ते आधी पाहू. इंजिनात ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापते, हवेबरोबर घुसळले जाते, त्यात काजळी, न जळलेले इंधन आणि आम्ल मिसळते. म्हणून ते काही महिन्यांत थकते. सावलीतल्या सीलबंद डब्यात यातले काहीच नसते. बहुतेक कंपन्या अशा डब्यासाठी चार ते पाच वर्षांची मुदत सांगतात आणि ती सावधपणे सांगितलेली आहे. अ‍ॅडिटिव्हची गोष्ट थोडी वेगळी. फेस रोखणारे सिलिकॉन दहा लाखांत काही भाग इतकेच असते आणि ते ऑइलमध्ये विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात पसरलेले असते. डबा फार काळ हलला नाही तर असे घटक तळाशी बसू शकतात. म्हणून जुना डबा उघडण्याआधी चांगला हलवावा. हलवूनही तळाशी साका राहिला किंवा ऑइल गढूळ दिसले, तर ते इंजिनात घालू नये.

आता बॅरलकडे येऊ. खरे नुकसान तिथे होते. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर-ट्रकचे काम करणाऱ्या कितीतरी वर्कशॉपमध्ये बॅरल शेडबाहेर, भिंतीला लागून उभे असते. वरच्या झाकणाला बोटभर उंच कड आणि त्या कडेच्या आत दोन बुचे, एक दोन इंची आणि एक पाऊण इंची. पहिला पाऊस पडला की त्या कडेत पाणी साचते आणि बुचे पाण्याखाली जातात. दुपारच्या उन्हात बॅरलमधली हवा फुगून बुचातून थोडी बाहेर जाते, आणि पावसाची सर आली की पत्रा झटकन गार पडून आतली हवा आकसते. अर्ध्या रिकाम्या बॅरलमधली शंभर लिटर हवा 50 अंशांवरून 25 अंशांवर आली, तर ती जवळजवळ आठ लिटरने कमी होते. ही जागा भरून काढायला बुचाच्या आट्यांतून जे आत ओढले जाते, ते झाकणावर साचलेले पाणी असते. भरलेले बॅरलही यातून सुटत नाही, कारण दोनशे लिटर ऑइल तेवढ्याच फरकाने तीन-साडेतीन लिटर आकसते. बूच घट्ट आहे, पाणी जाणार कुठून, असे म्हणणाऱ्यांनी एकदा बुचाचे वॉशर काढून पाहावे. ते वाळून कडक झालेले किंवा चिरलेले निघते, कधी वॉशरच नसते.

आत गेलेले पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून तळाशी जाते. हातपंपाची नळीही तळापर्यंतच पोचते. सकाळी पहिल्या गाडीला ऑइल काढताना पंप तळाचे पाणी आधी उचलतो आणि ते सरळ त्या गाडीच्या इंजिनात जाते. उरलेल्या ऑइलचेही भले होत नाही. झीज रोखणारे जस्ताचे संयुग पाण्याने हळूहळू फुटते, डिटर्जंट साक्यासारखे खाली बसतात. शंका असेल तर तापलेल्या पत्र्यावर, साधारण दीडशे अंशांवर, एक थेंब टाकून पाहा. डोळ्यांना चष्मा हवा आणि उघडी ज्योत जवळ नको. हजारात एक भाग पाणी असले तरी थेंब तडतडतो.

उपाय फुकटचा आहे. बॅरल आत घ्या. आत जागा नसेल तर आडवे करा, दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे. मग बुचांना आतून ऑइल लागून राहते आणि बाहेर पाणी साचत नाही. उभेच ठेवायचे असेल, तर खाली एका बाजूला लाकडी ठोकळा घालून इतके कलते करा की पाणी बुचांपर्यंत पोचणार नाही. पंपाची नळी तळापासून दोन-तीन इंच वर राहू द्या.

माप आणि नरसाळे यांच्याबद्दलही लिहायला हवे. सकाळी उघडे राहिलेले माप संध्याकाळपर्यंत ग्राइंडरची धूळ गोळा करते आणि ती धूळ बेअरिंगला डब्यावरच्या कोणत्याही जुन्या तारखेपेक्षा जास्त महाग पडते. जस्ताच्या मुलाम्याची बादली ऑइलसाठी वापरू नका. जस्ताशी काही अ‍ॅडिटिव्हची क्रिया होऊन साबणासारखा पदार्थ तयार होतो आणि तो फिल्टरमध्ये अडकतो.

ग्रेडचा मुद्दा शेवटी घेतला, पण जुन्या मालाला खरी मुदत तोच घालतो. ऑइल जसेच्या तसे राहते, गाड्या बदलतात. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले आणि डिझेल गाड्यांमध्ये धुराचे कण अडवणारा फिल्टर आला. ऑइल जळून उरणारी राख त्या फिल्टरमध्ये साचते आणि ती जाळून काढता येत नाही. म्हणून सीके-4 ऑइलमध्ये राखेची मर्यादा एक टक्का आहे. रॅकवरचा सीएफ-4 चा डबा कितीही चांगल्या अवस्थेत असला, तरी त्याची जागा जुन्या ट्रॅक्टरमध्ये आहे. पेट्रोलच्या टर्बो इंजिनांत कमी वेगाला अवेळी होणारे ज्वलन रोखण्यासाठी 2020 मध्ये एसपी श्रेणी आली. तिथे एसएनचा जुना साठा संपवणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या पिस्टनशी खेळणे. नवे ऑइल जुन्या गाडीला बहुधा चालते, उलटे चालत नाही. मोटरसायकलच्या ओल्या क्लचला जासो एमए लिहिलेलेच ऑइल हवे, हे पुन्हा सांगावे लागते.

याच रॅकवरच्या ब्रेक ऑइलला मात्र वरचा कोणताही दिलासा लागू नाही. ते हवेतून पाणी ओढते. डॉट-4 चा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 230 अंश असतो, ओले झाल्यावर त्याची किमान मर्यादा 155 पर्यंत खाली येते. उघडून ठेवलेली बाटली टाकूनच द्या.

कंपन्यांकडे आमची एक मागणी आहे. डब्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणे कायद्याने बंधनकारक आहे, ते छापले जातेच. पण त्या तारखेपासून माल किती काळ चालेल, बॅरल कसे ठेवायचे, हे बहुतेकदा इंग्रजी माहितीपत्रकात राहते. ते माहितीपत्रक मेकॅनिकच्या हाती कधीच येत नाही. बॅरलच्या झाकणावर बुचाशेजारी ही सूचना मराठीत छापा, सोबत आडव्या बॅरलचे चित्र द्या आणि ‘उघडल्याची तारीख’ लिहायला एक कोरी चौकट ठेवा. तोवर आमच्या वाचकांनी ती चौकट पेंट मार्करने स्वतः आखावी आणि सील फोडताना, हातातला पाना खाली ठेवण्याआधी, तीत तारीख लिहावी.