मळ नेमका कुठे लावायचा?

मंडळी, आज मळाविषयी लिहिणार आहे. जन्मभर घासत-पुसत आलेल्या बाईने मळाची बाजू घ्यावी याचं आमच्या धाकट्या जाऊबाईंना फार नवल वाटतंय. बाजू घ्यायची आहे हे खरं, पण अर्धीच.

विषय निघाला तो दिवाळीच्या किल्ल्यावरून. माझ्या पुतण्याचा मुलगा, म्हणजे माझा नातूच, लहान लहान सैनिक रंगवतो. परदेशी खेळातले, जेमतेम २८ मिलिमीटर उंचीचे, प्लॅस्टिकचे. हा छंद मूळचा तिकडचा. रंगांची एक नामांकित कंपनी स्पेनची, दुसरी इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. त्या नॉटिंगहॅमच्या कंपनीच्या एका काळपट तपकिरी पातळ रंगाला हे छंदी लोक 'बाटलीतलं कौशल्य' म्हणतात. असा पातळ रंग म्हणजे वॉश. साध्या रंगवलेल्या बाहुलीवरून तो फिरवला की खाचांत उतरतो, उंचवट्यांवरून ओसरतो, आणि दोन मिनिटांत सपाट बाहुलीला अंग येतं. गेली दोन-तीन वर्षं किल्ल्यावरची चित्रं आम्ही दोघं मिळून रंगवतो. (पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे किल्ल्यावरच्या मातीच्या मूर्तींना चित्रं म्हणतात.) त्याचा हात वॉशवर सैल आहे. मावळे, हत्ती, गवळण, विहीर, तोफा, बुरूज, सगळ्यांवरून एकच तपकिरी पाणी. मागच्या दिवाळीत जाऊबाई आल्या, किल्ला बघितला आणि म्हणाल्या, "अहो वहिनी, महाराजांनासुद्धा मळवलंत?"

तेव्हापासून घरात दोन तट आहेत. जाऊबाई म्हणतात, चित्रं कशी नवी कोरी, चकचकीत हवीत, वर्षाचा सण आहे. नातू म्हणतो, चकचकीत म्हणजे खोटं. मला विचाराल तर दोघंही एक गोष्ट विसरतात. त्या एकाच बाटलीतून दोन निरनिराळी कामं होतात : एक सावलीचं आणि दुसरं मळाचं. सावली सगळ्यांना लागते, महाराजांनाही. मळ ज्याचा त्याने कमवावा लागतो.

आधी सावलीचं बघू. ५४ मिलिमीटरचा मावळा खऱ्या माणसाच्या बत्तीस पट लहान असतो. आपल्या धोतराची तीन सेंटिमीटर खोल चुणी त्याच्या अंगावर एक मिलिमीटरसुद्धा उरत नाही. एवढ्याशा खाचेत आपल्या दिवाणखान्यातला उजेड कसली सावली पाडणार? म्हणून रंगानेच ती पाडून द्यायची. पेणचे गणपती बघा. सोंडेच्या वळणात, पोटाच्या वळीत गुलाबीच रंग जरा गडद करून मारलेला असतो. त्याला मूर्ती मळवली असं कोणी म्हणत नाही. जाऊबाईंच्या देवघरातल्या गणपतीलाही तो आहे, हे मी त्यांना दाखवून दिलं. त्या गप्प बसल्या. पटलं असं नाही, पण बसल्या.

आता माझा नातवाशी वाद. त्याच्या बाटलीतला वॉश भराभर वाळतो. माझं म्हणणं, वॉश सावकाश वाळणाराच हवा, कारण सावली लावून होत नाही, पुसून होते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगाची पूड. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटतात, पापुद्रा बनतो, आणि मग पाण्याने तो निघत नाही. ही त्याची सोय आणि हीच अडचण. एप्रिलमध्ये पंख्याखाली पातळ अ‍ॅक्रिलिक बघता बघता वाळतं. पगडीवरचा रंग पुसायचा राहून जातो आणि पुढे तो पुसता येत नाही. वर थेंबाच्या कडेला काळी रेघ उमटते, टेबलावर सांडलेला चहा वाळल्यावर उमटते तशी. थेंबाच्या कडेचं पाणी आधी उडतं, त्याची भरपाई करायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली हे नीट उलगडून दाखवलं. इतकी वर्षं आपण नुसतंच फडकं घेऊन धावत होतो!

सावकाश वाळण्यासाठी रंगात रिटार्डर नावाचं द्रव्य घालतात. थोडंच घालायचं. जास्त झालं तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. काही जण ग्लिसरीन घालतात. मला ते पसंत नाही, ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि आपला पावसाळा कसा असतो ते तुम्ही जाणता. अमेरिकेतल्या एका कंपनीने २००८ पासून मुळातच हळू वाळणारे अ‍ॅक्रिलिक काढले आहेत, पण बाहुल्यांपुरतं आपल्याला साध्या ट्यूबमध्ये रिटार्डर मिसळून भागतं.

करायचं कसं ते सांगते, कारण विचारणार तुम्ही. प्लास्टरची चित्रं भसाभसा पाणी पितात, म्हणून आधी प्रायमर, मग रंग, तो पक्का वाळला की चकचकीत व्हार्निशचा एक हात. या हाताला आळस करू नये. त्याच्यामुळेच वॉश खाचेत सरकतो आणि उंचवट्यावरचा पुसला जातो. बाजारातली काही रंगीत चित्रं पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची असतात, त्यांवर व्हार्निशाशिवाय ओला कुंचला फिरवला की मावळ्याचा चेहराच निघून येतो. वॉशला बर्न्ट अंबर, पाणी, किंचित रिटार्डर आणि भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो, मग ते गोळा न होता पसरतं. काळा सरसकट वापरू नये. भगव्यावर आणि चेहऱ्यावर लालसर तपकिरी, लालवर गडद तांबडा, पांढऱ्या अंगरख्यावर अगदी फिका राखाडी. पांढऱ्यावर काळा गेला की मावळा कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसतो. पंखा बंद. वॉश लावून पाच-दहा मिनिटं थांबायचं, साचलेलं डबकं कोरड्या कुंचल्याच्या टोकाने टिपून घ्यायचं, आणि मग ओलसर इअरबडने गाल, नाक, खांदे, गुडघे, ढालीचा फुगवटा पुसत जायचं. सगळं वाळल्यावर चमक मारणाऱ्या व्हार्निशचा शेवटचा हात. नातवाच्या वॉशला दोन मिनिटं लागतात, माझ्या एका मावळ्याला पाऊण तास. "आजी, अशाने दिवाळी संपेल," म्हणतो. संपू दे, तुळशीचं लग्न आहे की पुढे.

आता मळ. इथे मात्र मी हेडमास्तरी करते. मळ लावण्यापूर्वी विचारायचं, हा आला कुठून? मावळा चालत आला आहे, तर त्याच्या पोटऱ्यांपर्यंत धूळ हवी, छातीवर कशाला? तोफेच्या तोंडाशी काजळी हवी, चाकांना चिखल. हत्ती धुतलेला असू शकतो, मिरवणुकीतला असेल तर धुतलेलाच असणार. गवळणीचा हंडा? तिच्या घरात मळकट हंडा कोणी खपवून घेतला नसता.

आणि किल्ला. यंदा आम्ही रायगड करतोय, त्यावरून मोठी वादावादी झाली. नातवाने गडावर काढलेले फोटो बघून भिंतींवर काळे ओघळ, शेवाळ, उडालेल्या कडा असं सुरेख काम केलं. कौतुक करावं तेवढं थोडं. पण त्या भिंतींच्या मधोमध राज्याभिषेकाचं सिंहासन! राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. गडावरच्या इमारती हिरोजी इंदुलकरांनी उभ्या केल्या, जगदीश्वराच्या देवळातल्या शिलालेखात त्यांचं नाव आहे. म्हणजे त्या दिवशी ते बांधकाम नवं होतं, दगडावर टाकीच्या खुणा ताज्या, चुना पांढरा. आज आपण जी पडझड बघतो ती १८१८ च्या मे महिन्यातल्या इंग्रजांच्या तोफांची, तेव्हा लागलेल्या आगीची आणि पुढच्या दोनशे पावसाळ्यांची. राज्याभिषेकाच्या दिवशीच गडाला ती आग लावून ठेवायची का? मला ते सोसत नाही. मी इतिहास शिकवला आहे, आणि मुलं पुस्तकापेक्षा किल्ल्यावरून जास्त शिकतात. आमच्या सोसायटीतली चार-पाच वर्षांची पोरं हा किल्ला बघतील आणि महाराज पडक्या वाड्यात राहत होते असंच त्यांच्या मनात बसेल.

नातवाचंही ऐकून घेतलं. तो म्हणाला, "आजी, नव्या भिंती नुसत्या पुठ्ठ्यासारख्या दिसतात." खरं आहे. म्हणून सांधे उठायला सावलीचा वॉश द्या, दगडादगडात थोडा फरक ठेवा, पाणी जिथून उतरतं तिथे एक-दोन पावसाळ्यांच्या फिक्या रेघा द्या. पण शेवाळ नको. त्याला पडकाच गड करायचा असेल तर खुशाल करावा, फार देखणा होईल, मात्र मग सिंहासन काढावं आणि तिथे पाठीवर पिशव्या घेतलेली आजची माणसं उभी करावीत.

मळाला कारण लागतं हे मला कुणा पुस्तकाने शिकवलं नाही. आमच्याकडे माझ्या माहेरचा एक मातीचा घोडा आहे. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आईने तो कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणला होता. आम्ही पाच भावंडं, मग त्यांची मुलं, मग नातवंडं, सगळ्यांनी तो पोटाशी, दोन बोटांच्या चिमटीत धरला. म्हणून रंग फक्त तिथेच गेला आहे, दोन्ही बाजूंना, बोटाएवढे दोन डाग. खोगिराखालचा लाल अजून तसाच तजेलदार. आयाळीच्या खाचांत सत्तर-पंचाहत्तर दिवाळ्यांची माती बसली आहे आणि एका कानाचा टवका उडालाय. नातवाने यंदा विचारलं, "हा धुऊन नव्याने रंगवू का? वर असाच जुना लुक देतो, ओळखू येणार नाही." मनापासून विचारलं बिचाऱ्याने, आणि देईलही तो, हात चांगला आहे त्याचा. मी नाही म्हटलं. त्या दोन डागांत आमच्या थोरल्या अक्काचं बोट आहे, आणि ती गेल्या वैशाखात गेली.

त्याने पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर नवा घोडा घेऊन बसलाय, आणि जुना शेजारी ठेवून, त्याच्याकडे बघत बघत नव्याच्या पोटावरचा ओला वॉश चिमटीच्या जागी पुसतोय. हा कुठला घोडा, असं विचारलं तर म्हणाला, "हा पोरांचा."

भिंतींचं अजून ठरलेलं नाही. वसुबारसेपर्यंत ठरायला हवं. जाऊबाई पाडव्याला येणार आहेत, आणि महाराजांच्या अंगरख्यावरचा राखाडी मी इतका पुसला आहे की त्यांना चष्मा लावूनही सापडायचा नाही. इअरबड मात्र संपले.