आईच्या बॅगेतल्या तंबाखूविषयी बोला

दिवाळी आली की मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट आणि पॉइंट कुकच्या आमच्या मराठी घरांमध्ये आईवडिलांच्या येण्याची तयारी सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या फिरतात. गोडा मसाला पाकीटबंद आणा, बीपीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, घरचं तूप आणू नका. तंबाखूचा उल्लेख या याद्यांमध्ये मला कधी दिसलेला नाही. तो व्हायला हवा, कारण विमानतळावर आपल्या म्हाताऱ्या माणसांची सर्वात मोठी फजिती यानेच होऊ शकते.

नियम सरळ आहे. अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला २५ सिगारेटींचं एक बंद पाकीट किंवा २५ ग्रॅम तंबाखू करमुक्त आणता येते. त्याशिवाय खिशातलं एक फोडलेलं पाकीट चालतं. याहून जास्त निघालं तर कर फक्त वरच्या मालावर लागत नाही, सगळ्यावर लागतो. आणि इथला कर जगातल्या सर्वात चढ्या करांपैकी आहे. एका सिगारेटवर सव्वा डॉलरहून अधिक, सुट्या तंबाखूवर किलोला दोन हजार डॉलरहून अधिक. म्हणजे पाव किलो मशेरी आणली तर पाचशे डॉलरच्या वर, आपल्या पैशात पंचवीस हजार रुपयांहून जास्त. गावाकडे तेवढी तंबाखू किती स्वस्त मिळते ते वाचकांना सांगायला नको.

मशेरीचं नाव मी मुद्दाम घेतलं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारसुद्धा नव्हते. तंबाखू खाणारे, मळणारे, हिरड्यांना लावणारे मात्र जवळपास चोवीस होते. त्यात बायका मोठ्या संख्येने आहेत. पण विमानतळावरच्या पाट्यांवर चित्र असतं ते सिगारेटीचं. माझ्या सासूबाई कऱ्हाड तालुक्यातल्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून, चाळून त्या स्वतः मशेरी करतात. पहिल्यांदा यायच्या आधी मी फोनवर विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "आगं, ती दात घासायची हाय. मी काय तंबाखू खाती व्हय?" त्यांच्या मनात खोट नव्हती. विमानात मिळणारं इंग्रजी कार्ड शेजारच्या सीटवरचा एखादा भला मुलगा भरून देणार, सगळीकडे 'नाही'वर खूण करणार आणि आत्या सही करणार. जबाबदारी मात्र सही करणाऱ्याची. खोटी माहिती दिल्याबद्दल दंड होतो, आणि प्रकरण गंभीर वाटलं तर व्हिसाही रद्द होऊ शकतो.

आपली माणसं एवढा साठा का आणतात, हे समजून घेतलं पाहिजे. १९९१ पासून ऑस्ट्रेलियात खायच्या तंबाखूच्या विक्रीवर बंदी आहे. स्वतःच्या वापरासाठी दीड किलोपर्यंत आणायला परवानगी लागत नाही, कर तेवढा भरावा लागतो. पण दुकानात जाऊन विकत घ्यायची सोय नाही. चाळीस वर्षांची सवय असलेल्या बाईला हे ऐकून धडकी भरते. परक्या मुलखात, थंडीत, दिवसभर घरात एकटीने बसायचं आणि सकाळची मशेरी नाही. मग ती सहा महिन्यांचं गणित घालते आणि टूथपावडरच्या डब्यात, मसाल्याच्या पुड्यांमध्ये भरभरून आणते. आईला सांगायची लाज, मुलाला विचारायची लाज. या लाजेचा हिशेब शेवटी कस्टमच्या टेबलावर होतो, अनोळखी लोकांसमोर.

नियमच जाचक आहे, असं आमच्यातले बरेच जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. २०१२ च्या सप्टेंबरपर्यंत इथे २५० सिगारेटी आणता येत, मग ५० झाल्या, २०१७ च्या जुलैपासून २५. त्याच २०१२ मध्ये सगळ्या सिगारेटी एकसारख्या मळकट रंगाच्या पाकिटात विकायला लावणारा ऑस्ट्रेलिया पहिला देश ठरला, आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. मला दोन्ही निर्णय योग्य वाटतात. परळच्या टाटा हॉस्पिटलात तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण ज्यांनी पाहिले आहेत त्यांना वेगळं सांगायची गरज नाही. या करामुळे इथे चोरट्या सिगारेटींचा धंदा फोफावला आहे, मेलबर्नमध्ये तंबाखूची दुकानं पेटवून देण्यापर्यंत मजल गेली आहे, हेही खरं. त्याचा बंदोबस्त सरकारने करावा. म्हणून आपण आईच्या बॅगेतून माल आणवावा, असं होत नाही. "येताना मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधून एक कार्टन आणायला सांग," अशी गळ घालणाऱ्या मित्रांना मी तोंडावर नाही म्हणते. दोनशे सिगारेटींचं ते कार्टन आणणाऱ्याला अडीचशे डॉलरच्या वर पडतं, आणि टेबलासमोर उभी असते ती साठीची बाई.

आत्यांशी आम्ही तिकीट काढल्यावर लगेच बोललो होतो. त्यांनी गावीच हळूहळू मशेरी कमी केली. दिवसातून तीनदाची एकदावर आणली. तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर भारतात प्रत्येक पुडीवर छापलेला असतो, तिथे त्यांच्या नातीने फोन लावून दिला. इथल्या सुपरमार्केटमध्ये निकोटिनचं च्युइंगगम सहज मिळतं, हे कळल्यावर त्यांची निम्मी काळजी मिटली. येताना एक लहान डबी आणली, कार्डावर 'होय' लिहून दाखवलीसुद्धा. अधिकाऱ्याने बघितली आणि जाऊ दिलं. जास्त निघाली असती तरी आधी सांगितल्यामुळे कर भरायचा किंवा माल तिथेच सोडून द्यायचा, एवढंच झालं असतं.

तेव्हा या वर्षी ज्यांच्या घरी आईवडील येणार आहेत त्यांनी बॅगा भरायच्या आधी दोन महिने फोन करावा आणि थेट विचारावं: दिवसाला किती लागते, कधीपासून लागते, कमी करायला काय मदत करू. आणि हे विचारायचं काम मुलाने स्वतः करावं, सुनेवर ढकलू नये.