अर्ध्या दुखण्यावरची गोळी

बॉस, गणित एकदम सिंपल वाटतं. एक नशा माणसाला वर नेते, दुसरी खाली आणते. दोन्ही एकत्र घेतल्या की हिशोब बरोबरीत, नाही का? कोकेन आणि हेरॉइनच्या या जोडीला अमेरिकेत ‘स्पीडबॉल’ म्हणतात. विनोदी नट जॉन बेलुशी १९८२ साली त्यानंच गेला. वय फक्त ३३.

लोचा असा की दोघांची घड्याळं वेगळी. कोकेन आधी उतरतं. तोवर त्यानं जागं ठेवलेलं असतं. ते ओसरलं की मागे उरलेलं हेरॉइन श्वास मंद करत नेतं.

मग दोन्ही लागलेल्या माणसाला औषध काय? हेरॉइन, ब्राउन शुगर या अफूच्या खानदानासाठी सॉलिड औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिन. जिभेखाली ठेवायची गोळी. मेंदूत हेरॉइन जिथे जाऊन बसतं ती सीट ही आधीच अडवते. (लोकलमध्ये रुमाल टाकतात, सेम फंडा!) तलफ आणि अंगदुखी थांबते, पण असर एका मर्यादेपुढे जात नाही. २००५ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ‘म्हणजे एका नशेऐवजी दुसरीच की!’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. काका, ही घेणारे कमी मरतात.

आता दुसरी बाजू. कोकेन किंवा मेथच्या व्यसनावर अमेरिकेच्या एफडीएनं मान्य केलेलं एकही औषध नाही. २०२१ मध्ये मेथसाठी नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपियनची गोळी अशी जोडी तपासली गेली. फायदा झाला शंभरात साधारण चौदा जणांना. नकली औषधावर अडीच. ठीक आहे, काहीतरी आहे. पण नाल्ट्रेक्सोन अफूच्या सगळ्या सीटांना कुलूपच लावतं. ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेल्याला ते दिलं, तर तो तिथल्या तिथे तडफडायला लागेल. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याच्या आड.

मग उरतं काय? बक्षीस! अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत २०११ पासून लघवीची तपासणी क्लीन आली की कॅन्टीनची कूपनं मिळतात. हसू नका. औषध नसलेल्या या बाजूला सध्या सगळ्यात जास्त उपयोग होतो तो याचाच.

माझ्या डोक्यात जाते ती मात्र वेगळीच गोष्ट. तपासणीत कोकेन सापडलं म्हणून ब्युप्रेनॉर्फिन बंद करायचं! मधुमेह्यानं जिलेबी खाल्ली म्हणून इन्सुलिन काढून घेतो का आपण? तिथल्या व्यसनोपचार डॉक्टरांच्या संघटनेनं २०२० मध्ये स्पष्टच लिहिलं, की दुसरी नशा चालू आहे एवढ्यावरून हे उपचार थांबवू नयेत. गोळी बंद झालेला माणूस कोकेन सोडत नाही, हेरॉइनकडे परत जातो. आणि मधल्या काळात सवय कमी झाल्यानं जुनाच डोस जीव घेतो.

आपल्याकडे पार्टीत फिरणारी एमडी, म्हणजे मेफेड्रोन, ही याच वर नेणाऱ्या गटातली. २०१५ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेली. तुमच्या ग्रुपमधला कुणी एमडीही घेत असेल आणि ब्राउन शुगरही, तर डॉक्टरला दोन्ही नावं सांगायला लावा. लाजून एकच सांगितलं, तर औषध चुकू शकतं. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, कॉल फ्री.