पंप गेला म्हणे!

यंत्राचं हायड्रॉलिक प्रेशर पडलं की गेज न लावताच "पंप गेला" असं जो माणूस सांगतो, त्याच्याकडून पंप विकत घेऊ नये. हे माझं ठाम मत आहे. आता हापिसात कोडमधले किडे मारून पोट भरणाऱ्या माणसाने ह्यात नाक का खुपसावं, असं तुम्हाला वाटलं असेल तर ते रास्तच आहे. सांगतो.

इथे ओहायोत आमच्या गल्लीच्या टोकाला एकजण राहतो. लोकांच्या बागा करून देण्याचा त्याचा धंदा. लॉन घालायचं, दगडी बांध रचायचे, थंडीत बर्फ उचलायचा. तो धरून माणसं तीन, आणि एक सेकंडहँड कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर. जेसीबी आपण सगळ्यांनी पाहिलाय. पट्ट्यांवर चालणाऱ्या मोठ्या खोदयंत्राला आपल्याकडे पोकलेन म्हणतात (हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण आता शुद्ध मराठी शब्द झालाय). हा लोडर म्हणजे त्या दोघांचं बुटकं भावंड. खाली रबरी पट्टे, पुढे बादली, मधे एक माणूस जेमतेम मावेल एवढी केबिन. ह्याच्या जिवावर तीन घरं चालतात, आणि कमाईचे दिवस म्हणजे एप्रिल-मे.

तर ऐन एप्रिलमध्ये ह्या मशीनने त्रास द्यायला सुरुवात केली. सकाळी झकास. अर्ध्या-पाऊण तासाने तेल तापलं की पट्ट्यांचा जोर जायचा, बादलीचे हात रेंगाळत वर जायचे आणि स्क्रीनवर 'चार्ज प्रेशर कमी' असा कोड. तासभर बंद ठेवलं की पुन्हा ताजंतवानं. एका दुरुस्तीवाल्याने फोनवर हे ऐकलं आणि निकाल दिला: ड्राइव्हचा पंप झिजलाय, बदला. काही हजार डॉलरचा पंप, वर मजुरी, वर मशीन दोन आठवडे बंद.

खरं सांगायचं तर हे निदान अगदीच वेडगळ नाही. तेल तापलं की पातळ होतं, झिजलेल्या पंपातून पातळ तेल जास्त गळतं (आतल्या आत, बाहेर थेंबही दिसत नाही), आणि प्रेशर पडतं. म्हणजे लक्षण जुळतं. पण लक्षण जुळणं वेगळं आणि दुसरं काही जुळत नाही हे तपासणं वेगळं. आपल्या धंद्यात पहिल्यावर थांबणारे लोक प्रॉडक्शनला काय करून ठेवतात ते तुम्ही पाहिलंच असेल.

थोडं आतलं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. ह्या यंत्रात इंजिनाला जोडून दोन वेगळी कामं चालतात. पट्टे फिरवायला हायड्रोस्टॅटिक पंप असतात. त्यांचं तेल पंपातून मोटरमध्ये आणि मोटरमधून परत पंपात असं बंद चक्रात फिरतं. त्या चक्रातून थोडं तेल सतत झिरपतं, वंगणासाठी ते लागतंच. ते भरून काढायला एक छोटा चार्ज पंप असतो. त्याचं प्रेशर साधारण ३०० ते ४०० पीएसआय, म्हणजे ह्या जगात चिल्लर. पण पार्किंग ब्रेक सुटतो तो ह्याच प्रेशरवर आणि जॉयस्टिकचे हुकूम पोचतात तेही बऱ्याच मशीनमध्ये ह्याच्यावरच. बादलीच्या हातांसाठी मात्र वेगळा गिअर पंप. तिथे ३००० पीएसआयच्या वरचा कारभार.

आता बघा. पट्टेही ढेपाळतात आणि हातही मंदावतात, दोन्ही एकाच वेळी. ड्राइव्हचा पंप झिजला तर हात का मंदावावेत? त्यांचा पंपच वेगळा! दोन पंप एकाच आठवड्यात सारखेच झिजले असं मानायचं का? दोन सर्व्हिसेस एकाच मिनिटाला झोपल्या तर आपण दोघींचा कोड वाचत बसत नाही, दोघी कशावर टेकल्या आहेत ते आधी बघतो. इथे दोघांत सामाईक काय? टाकी, तेल, आणि ह्या मशीनमध्ये टाकीतून दोन्ही पंपांकडे जाणारा एकच जाड होज.

माझा मामा भोसरीत हायड्रॉलिक प्रेसवर तीस वर्षं काम करून रिटायर झाला. त्याला रविवारच्या फोनवर हे सांगितलं तर पहिला प्रश्न: "गेज लावलंय का?" म्हटलं, मामा, अजून नाही. "मग गप्पा कसल्या मारताय? आणि एक लक्षात ठेव, पंप प्रेशर करत नसतो. तो नुसता तेल ढकलतो. पुढे अडलं की प्रेशर होतं." बागेच्या पाइपवर अंगठा दाबून बघा, मामाचं म्हणणं पटेल. नळ तोच, अडथळा वाढला की दाब वाढला. त्यातूनच मेकॅनिक लोकांचा एक आडाखा निघतो: हळू चालतंय पण वजन उचलतंय, तर तेल कमी पोचतंय, वेगाने चालतंय पण वजन आलं की थांबतंय, तर प्रेशर कुठेतरी निसटतंय. आमच्या मशीनचे हात हळू होते, पण मातीने भरलेली बादली उचलत होते. इथेच खरं तर निम्मं उत्तर होतं.

शेवटी शेजाऱ्याने व्हॅनमधून फिरणारा एक हायड्रॉलिक मेकॅनिक बोलावला. मी शनिवार सकाळ खुर्ची टाकून बघत बसलो. त्याने काय केलं ते सांगण्यासारखं आहे, कारण दीड तास त्याने एकही पार्ट बदलला नाही. आधी तेलाची पातळी आणि रंग (दुधाळ असेल तर पाणी, फेसाळ असेल तर हवा; आमचं स्वच्छ). मग फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहिल्या. धातूचा चुरा नाही. पंप खरंच स्वतःला खात असता तर इथे चमचम दिसली असती. नवा फिल्टर लावला, मग चार्जच्या टेस्ट पोर्टला गेज. थंड असताना ३८०. पाऊण तास चालवल्यावर १९०. स्क्रीनवरचा आकडाही तेवढाच, म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. मग केस ड्रेन, म्हणजे पंप-मोटरच्या पोटातून झिरपणारं तेल टाकीकडे नेणारी नळी. तिथला प्रवाह मोजला, तर गरम असतानाही तो हद्दीतच. पंप सुटला.

मग त्याने पंपाच्या तोंडाशी, तेल ओढतात त्या बाजूला, व्हॅक्यूम गेज लावलं. थंड असताना पाऱ्याचे ४ इंच, गरम झाल्यावर ११. मला हे बघून कोण आनंद झाला! अहो, गरम तेल पातळ असतं, ते ओढायला सोपं जायला हवं. व्हॅक्यूम कमी व्हायला हवं, आणि इथे वाढतंय! म्हणजे तापल्यावर वाटच अरुंद होतेय. होज काढून चिरला तर आतलं अस्तर सुटून लोंबत होतं. तापून मऊ झालं की आत चिकटायचं, थंड झालं की परत जागेवर. पंप बिचारा उपाशी. इतके दिवस तो किंचाळतही होता म्हणे, पण केबिनमध्ये इअरमफ आणि रेडिओ लावून बसलेल्या माणसाला ते कसं ऐकू येणार?

नव्या होजची आणि दोन क्लिपांची किंमत सांगून मी त्या पंपवाल्याला आणखी लाजवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका होजवरून एवढं प्रवचन कशाला? कारण अंदाज चुकला तर किंमत कोण मोजतो ह्याचा हिशोब इथे उघडा पडतो. आपल्याकडे चुकीचा फिक्स गेला तर रोलबॅक आहे. इथे बसवलेला पंप कुणी परत घेत नाही. शिवाय नवा पंप त्याच बंद होणाऱ्या होजवर लावला असता तर तोही उपाशी राहून मेला असता. कॅव्हिटेशन म्हणतात त्याला, तेलातले बुडबुडे फुटून धातू खरवडला जातो. मग "पार्टच खराब आला" म्हणून तिसरा पंप! आणि पंप खरोखरच गेला असेल तरी नुसता पंप बदलून भागत नाही. त्याचा चुरा सगळ्या नळ्यांत, कूलरमध्ये, मोटरमध्ये गेलेला असतो, तो धुऊन काढावा लागतो. 'का गेला' हे न विचारणाऱ्याला हेही सुचत नाही. सल्ला देणाऱ्याला चुकल्याचा एक पैसाही पडत नाही, माझी तक्रार आहे ती ह्याच्याशी.

उलट टोकाचंही एक सांगतो. काही वेळा मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. पुढे काहीही न जोडता ऑक्झिलरीचं बटण चालू राहतं, किंवा क्विक कपलर अर्धवट बसतो, आणि सगळं तेल रिलीफ व्हॉल्ववरून परत फिरतं. मिनिटाला २० गॅलन आणि ३००० पीएसआय धरा, तर ३५ हॉर्सपॉवर, म्हणजे २६ किलोवॅट नुसती उष्णता. दोन किलोवॅटचे तेरा गीझर एकदम लावल्यासारखं. मग इंजिन कण्हतं, तेल उकळतं, आणि निदान येतं... बरोबर, पंप गेला.

एक गोष्ट मात्र गंमतीत घेऊ नका. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, कधीच नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं, वरून फक्त एक ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस कुजायला लागतं. हे काही तासांत ऑपरेशनला न्यायचं काम आहे, मलम लावून झोपायचं नाही. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. आणि वर उचललेल्या हातांखाली जायच्या आधी त्यांचा सपोर्ट लॉक लावा, इंजिन बंद असलं तरी.

राहता राहिला तो स्क्रीनवरचा कोड. अशा मशीनमध्ये बहुतेकदा जे१९३९ नावाच्या स्टँडर्डने कोड येतात, आणि त्यात शेवटचा एफएमआय नावाचा आकडा फार कामाचा. १ असेल तर 'सेन्सर ठीक आहे, पण मोजलेला आकडा धोकादायक कमी आहे'. ४ असेल तर सेन्सरचं व्होल्टेजच कमी, आणि ५ असेल तर करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं. तेव्हा आधी वायर बघा, तेल नंतर. आमच्याकडे १ होता. दुरुस्तीवाल्याने तो फोनवर विचारलासुद्धा नाही. पण ह्यापुढचं, म्हणजे चालू मशीनमधले सगळे आकडे एकत्र बघणं, सेन्सर कॅलिब्रेट करणं वगैरे, अनेक कंपन्यांच्या बाबतीत डीलरच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाही. लॉग माझ्याच मशीनचे आणि रीड अ‍ॅक्सेस दुसऱ्याकडे! कोलोरॅडोने २०२३ मध्ये शेतीच्या यंत्रांपुरता दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, १ जानेवारी २०२४ पासून तो लागूही झाला. बांधकामाच्या आणि बागेच्या मशीनवाल्यांनी काय पाप केलंय ते मला कळत नाही. पोटं त्यांचीही एप्रिल-मेवरच अवलंबून असतात.