टायरचीही तारीख बघा!

पावसाळा सुरू झाला की धायरीतल्या माझ्या दवाखान्यात एक ठरलेला पेशंट येतो. कोपर सोललेले, गुडघा सुजलेला. "डॉक्टर, ब्रेक मारला आणि गाडी घसरली." मी जखम धुतो, धनुर्वाताचे इंजेक्शन देतो आणि विचारतो, "टायर कधी बदललात?" बहुतेकांना आठवत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: गुळगुळीत टायर हा आरोग्याचाच प्रश्न आहे. टायरच्या खाचा पाणी बाजूला सारतात. त्या झिजल्या की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी राहते, पकड सुटते. नवले पुलाच्या उतारावर ही जोखीम कशाला?

औषधाची तारीख बघता, तशी टायरचीही बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. खाचांमधल्या खुणेच्या उंचवट्यापर्यंत रबर झिजले किंवा बाजूला चिरा पडल्या, तर टायर बदला. साइज गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्या. रिमोल्ड किंवा वापरलेला टायर स्वस्तात मिळाला तरी नको. पक्के बिल मागा. सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, तोही तपासा. दोन्ही टायरचे पैसे एकदम नसतील, तर जास्त झिजलेला आधी बदला.

टायरचे वाचवलेले पैसे मनगटाच्या एका फ्रॅक्चरमध्ये जातात. प्लास्टर आणि बुडालेला रोजगार वेगळाच. आज घरी जाताना गाडीजवळ दोन मिनिटे वाकून बघा. आणि हो, हेल्मेट आहेच!