लाल टोपण, नारिंगी टोपण

इन्सुलिनच्या सिरिंजचे टोपण लाल असते किंवा नारिंगी. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी लाल, १०० युनिटवाल्यासाठी नारिंगी. आपल्याकडे साध्या ह्यूमन इन्सुलिनची कुपी बहुधा ४० ची मिळते; ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनची कुपी आणि पेनमधले कार्ट्रिज १०० चे. डॉक्टरांनी २० युनिट लिहून दिले आणि १०० च्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर अंगात ५० युनिट जातात. उलट झाले तर जेमतेम ८. पहिल्या चुकीत माणसाला दरदरून घाम फुटतो, तो बेशुद्धही पडतो. दुसरीत शुगर चढत राहते आणि घरचे म्हणतात, आता इन्सुलिनही लागू पडेनासे झाले.

ही चूक पकडण्याची शेवटची जागा म्हणजे मेडिकलचे काउंटर. त्यापुढे फक्त रोग्याचे स्वयंपाकघर. २०२५ मध्ये नोव्हो नॉर्डिस्कने ह्यूमन इन्सुलिनची पेन-कार्ट्रिजे भारतातून काढून घेण्याचे ठरवले, कुप्या मात्र चालू ठेवल्या. पेनवर एकेक युनिट मोजायची सवय झालेल्या सत्तरीच्या आजींना कुपी आणि सिरिंजकडे परत वळायचे, तर टोपणाचा रंग त्यांना कोणी सांगायचा? ओपीडीतल्या डॉक्टरांसमोर रांग लागलेली असते. तिथे एकेका रोग्याच्या वाट्याला येणारी मिनिटे मोजकीच. मुंबईत २०२१ च्या पाहणीत प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या रेषेवर निघाली. त्यातले औषधाला लागलेले लोक डॉक्टरांकडे तीन-चार महिन्यांनी जातात आणि मेडिकलमध्ये दर महिन्याला.

म्हणूनच फार्मसिस्टच्या फेरशिक्षणाचा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. भारतीय औषधशास्त्र परिषदेच्या २०१५ च्या नियमावलीनुसार नोंदणी टिकवायची तर पाच वर्षांत किमान दोन, प्रत्येकी निदान एक दिवसाचे उजळणी वर्ग करावे लागतात. औषध देताना ते कसे घ्यावे, कसे साठवावे, एखादा डोस चुकला तर काय करावे हे रोग्याला तोंडी सांगणे हेही त्याच नियमावलीत फार्मसिस्टचे काम ठरवले आहे. राज्याची फार्मसी परिषद मुलुंडला, इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनसारखी १९३९ पासूनची संस्था कलिन्याला; शिकवणाऱ्यांची वानवा या शहरात नाही. पण पाच वर्षांत दोन दिवस! तेवढ्या काळात मधुमेहाच्या औषधांचे सगळे फडताळ बदलते. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले आणि ती गोळी स्वस्त होऊन गल्लोगल्ली पोचली. त्याच महिन्यात टिर्झेपटाइडचे आठवड्याला एक घ्यायचे इंजेक्शन बाजारात आले. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची. मधुमेहाऐवजी वजनासाठी ही इंजेक्शने मागणारे गिऱ्हाईकही आता काउंटरवर येते, तेही बहुधा व्हॉट्सअॅपवरचा फोटो दाखवून.

ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे गुप्तांगाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. बाई संकोचून ‘खाजेचं मलम द्या’ म्हणते, मलम दिले जाते, विषय संपतो. तिची शुगरची गोळी कोणती, हे विचारायला फार तर अर्धे मिनिट लागेल. उलट्या-जुलाब चालू असताना हीच गोळी रेटून घेतली तर शुगर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. अशा दिवशी ती थांबवून डॉक्टरांना फोन करायचा असतो. हे वाक्य मराठीत, काउंटरवर, रोग्याच्या तोंडाकडे बघून म्हणता येणे हेच खरे शिक्षण.

आणि उपास. प्रभादेवीच्या अंगारकीच्या रांगेत, लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत ग्लिमेपिराइड घेणारे किती उभे असतात याची मोजदाद कोणी केलेली नाही. सकाळची गोळी नेमाने घ्यायची आणि चंद्रोदयापर्यंत पोटात काही घालायचे नाही, हा बेत ‘शुगर लो’ होण्याचा राजमार्ग. संकष्टीच्या आदल्या आठवड्यात गोळ्यांची स्ट्रिप देतानाच ‘उपास करता का? मग डॉक्टरांना विचारून घ्या आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा’ इतके म्हणायला कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेची गरज नाही. हातपाय कापू लागले तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे लहान चमच्याने तीनेक चमचे, पाण्यातून लगेच घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, एवढे तरी पाठ असावे.

थायरॉईडचीही तीच गत. लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचे. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यानंतर चार तासांनी. गिरगावातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये पन्नाशीच्या बाईंच्या पिशवीत या तिन्ही गोष्टी एकाच बिलावर पडतात आणि घरी जाऊन चहाबरोबर एकदमच पोटात जातात. मग टीएसएच वाढलेला निघतो, डोस वाढवला जातो. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड नेणाऱ्याला ‘हे मनाने एकदम बंद करू नका’ असे कोणी सांगितलेले नसते, आणि त्याने शुगर वाढते हेही नाही.

परळला आचार्य दोंदे मार्गावर केईएममधून बाहेर पडलेला कणकवलीचा रोगी रात्रीच्या एसटीने गावी निघतो. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे हे त्याने ऐकलेले असते. काउंटरवरचा मुलगा फ्रीझरमधला आइस पॅक काढतो, कुपी त्याला चिकटवून रबरबँड लावतो आणि आपण काळजी घेतली या समाधानात पिशवी पुढे करतो. गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी फेकूनच द्यायचे असते, हे त्याला कोणी शिकवलेले नाही. चालू कुपी उन्हापासून दूर, ओल्या फडक्यात गुंडाळून नेली तरी प्रवासापुरते भागते.

आता हा मुलगा कोण? इथेच सगळ्या फेरशिक्षणाची मेख आहे. औषध देणे फार्मसिस्टचे काम, निदान त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालचे, असे कायदा सांगतो. फार्मसी कायदा १९४८ चा आहे, म्हणजे ही काही कालची अट नव्हे. तरीही सर्टिफिकेट परळच्या भिंतीवर आणि सर्टिफिकेटवाला बदलापूरला, ही व्यवस्था धंद्यातल्या कोणालाही नवी नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मसिस्ट हजर हवाच असा आग्रह धरला, तेव्हा केमिस्ट संघटना बंदपर्यंत गेल्या. त्यांचे एक म्हणणे अगदीच खोटे नाही: सरकारने किमती बांधलेल्या औषधांवर किरकोळ दुकानदाराला १६ टक्के सुटतात, वर ऑनलाइनवाल्यांची सवलत, त्यात दोन पाळ्यांचे दोन फार्मसिस्ट परवडायचे कसे? पण केवळ सवलतीत ऑनलाइनशी झुंजून दादरचे दुकान टिकणार नाही. कुपी देताना टोपणाचा रंग पाहणारा माणूस मात्र कुरिअरच्या खोक्यातून येत नाही.

तेव्हा वर्ग भरवताना हॉटेलचा हॉल, औषध कंपनीचा फलक, इंग्रजी स्लाइड आणि जेवण हा थाट आवरावा. दुपारच्या मंद वेळेत, दुकानाजवळ, मराठीत आणि हिंदीत वर्ग घ्यावेत. केईएमच्या एंडोक्रायनॉलॉजी विभागातले डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना बोलवावे. औषध देण्याचा अधिकार फार्मसिस्टचाच राहू दे, पण सिरिंज आणि आइस पॅक त्याच्या मदतनिसालाही शिकवायला कायद्याची आडकाठी नाही. परीक्षा घ्यायची तर गिऱ्हाईक पाठवून घ्यावी: १०० ची कुपी मागायची, लाल टोपणाची सिरिंज मागायची आणि समोरचा थांबतो का ते पाहायचे. शिवाय राज्याच्या फार्मसी परिषदेने नोंदणी नूतनीकरणाच्या अर्जात एक रकाना वाढवावा: आपण काम करता त्या दुकानाच्या काउंटरवर संध्याकाळी सात ते दहा कोण असते? उत्तर अर्जातच राहू नये म्हणून त्या वेळेत अन्न व औषध प्रशासनाच्या निरीक्षकाने एकदा डोकावून यावे.